ओर्हिवाजवळचं पडकं कोर्तिहो: आधी पाणी बघा, मग भिंती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं माद्रिदला राहता, रहिवासाची कागदपत्रं आहेत, काम घरून चालतं. ग्रानादा प्रांतात, आल्पुहाराच्या डोंगरात, ओर्हिवाहून कारातौनासकडे चढताना साधारण ६५० मीटर उंचीवर एक कोर्तिहो, म्हणजे शेतातलं जुनं घर, तुम्ही बघून आलात. जमीन ०.८ हेक्टर, आपली दोन एकर. चाळीस ऑलिव्ह, काही बदाम, दोन अंजीर, दगडी भिंतींचं घर आणि त्याचं अर्धं छप्पर खाली आलेलं. दुरुस्ती कुठून सुरू करावी, पैसे किती लागतील, घरापुरतं पिकेल का, आणि वहिनींनी जाता जाता विचारलेलं: कढीपत्ता येतो का?

मी याच उतारावर बारा वर्षं जुनी घरं दुरुस्त करतोय आणि स्वतःची पाऊण एकर बाग सांभाळतोय. तुमच्या प्रश्नात घराबद्दल बरंच आहे, खिडक्या, फरशी, स्वयंपाकघराचा ओटासुद्धा. पाण्याबद्दल मात्र एकच ओळ: "एजंट म्हणाला, पाणी आहे." माझं सगळं उत्तर त्या ओळीपाशी अडलंय.

"पाणी आहे" या दोन शब्दांत इथे बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी बसतात. एप्रिलमध्ये वाहणारा आणि जुलैत ओला डागसुद्धा न ठेवणारा झरा हेही पाणीच. नोंद नसलेली विहीर हेही पाणी. शेजाऱ्याने जुन्या मालकाच्या मैत्रीखातर दिलेला काळा पाइप हेही पाणी. मी याच शेवटच्याला फसलो. विकणारे आजोबा म्हणाले, चाळीस वर्षं येतंय, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण ते पाणी जमिनीला नव्हतं, आजोबांना होतं. आजोबा मुलीकडे शहरात राहायला गेले आणि जूनमध्ये वरच्याने व्हॉल्व्ह बंद केला. त्याची काही चूक नाही. तो उन्हाळा मी हजार लिटरची टाकी गाडीवर घालून वांग्यांना पाणी पाजलं.

खरं पाणी म्हणजे आसेकियाचा हक्क. आसेकिया म्हणजे आपला पाट. शब्द अरबी आहे आणि इथल्या उतारावरचे बरेचसे पाट मुस्लिम राजवटीच्या काळातले आहेत. १५६८ मध्ये इथल्या मोरिस्को लोकांनी, म्हणजे जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या मुस्लिमांनी, बंड केलं, ते मोडल्यावर त्यांना हाकलून दिलं, उत्तरेकडून दुसरे लोक आणून वसवले. माणसं बदलली, पाट तेच राहिले. सिएरा नेवादाच्या बर्फाचं पाणी डोंगराच्या कडेकडेने कोसन् कोस आणून शेतांवर सोडतात. त्याहून वर, बर्फाच्या रेषेजवळ, 'कारेओ'चे पाट आहेत. त्यांचं काम शेत भिजवणं नाहीच. वसंतात बर्फ वितळतं तेव्हा हे पाट पाणी मुद्दाम फुटक्या खडकांच्या जागी नेऊन सोडतात. ते डोंगरात मुरतं आणि आठवड्यांनी, महिन्यांनी खाली झऱ्यांतून निघतं, नेमकं जेव्हा गरज असते तेव्हा. इथले लोक याला 'पाणी पेरणं' म्हणतात. "पाणी अडवा, पाणी जिरवा" भिंतीवर रंगवलेलं वाचत मोठा झालेल्या माणसाला हे ऐकून किती बरं वाटलं असेल ते तुम्ही समजू शकता. गेल्या दहा-बारा वर्षांत ग्रानादा विद्यापीठाच्या लोकांनी गावकऱ्यांना घेऊन यातले बुजलेले पाट पुन्हा मोकळे केलेत. तुमच्या वरच्याच अंगाला, कान्यार गावचा बार्हास पाट २०१४ मध्ये असाच चालू झाला.

पाट सांभाळणारी संस्था म्हणजे 'कोमुनिदाद दे रेगांतेस', पाणी घेणाऱ्यांची मंडळी. धुळे-नाशिककडची पांझरा-मोसम नद्यांवरची फड पद्धत कुणी पाहिली असेल तर वेगळं काही सांगायला नको. तिथला पाटकरी, तोच इथला आसेकिएरो. पाळ्या ठरलेल्या, भांडणं ठरलेली, वसंतात पाट साफ करायला प्रत्येकाने एक दिवस हजर राहायचं, नाहीतर मजुरीचे पैसे भरायचे. तुम्ही पैसे भरू नका, फावडं घेऊन जा. वर्षभरात कळणार नाही एवढं त्या एका दिवसात कळतं: कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या शेतात पाणी झिरपतं, गवंडी कोण चांगला. व्हॅलेन्सियात तर दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याची न्यायपंचायत भरते, तोंडी सुनावणी, तोंडी निकाल; युनेस्कोने २००९ मध्ये तिला वारशाच्या यादीत घेतलं. आमच्याकडे एवढा थाट नाही. आमची पंचायत बारमध्ये भरते.

तेव्हा एजंटला बाजूला ठेवा आणि त्या मंडळींच्या सचिवाला गाठा. नोंदवहीत तुमच्या गट-क्रमांकापुढे किती तास आहेत, किती दिवसांनी आहेत, दिवसा की रात्री, हे लिहून घ्या. मागच्या वर्षाची पट्टी भरल्याची पावती मागा. मग गणित करा. भाजीच्या जमिनीला जुलैत रोज साधारण ६ मिलिमीटर पाणी लागतं. २०० चौरस मीटरचा मळा धरला तर रोजचे १२०० लिटर. पाळी बारा दिवसांनी येत असेल तर दोन पाळ्यांमध्ये साडेचौदा हजार लिटर. म्हणजे पाळीचं पाणी साठवायला हौद हवाच. इथे त्याला आल्बेर्का म्हणतात, बहुतेक जुन्या कोर्तिहोंना एक असतोच, झुडपांत हरवलेला. ५ बाय ४ मीटर आणि दीड मीटर खोल असेल तर ३० हजार लिटर बसतात. झाडांना, बाष्पीभवनाला आणि एक पाळी चुकली तर, सगळ्याला पुरतात. २०२२ ते २०२४ च्या दुष्काळात पाळ्या चुकल्या, आणि ज्यांचे हौद गळके होते त्यांचे मळे गेले. हौदाला आत एका कोपऱ्यात दगडांची तिरकी वाट करा, पडलेला काटेचुवा किंवा साप वर येऊ शकतो. आणि डासांसाठी मासे सोडताना जरा थांबा: इथे सर्रास मिळणारा गांबुसिया मासा आक्रमक म्हणून बंदीच्या यादीत आहे.

विहिरीचं म्हणाल तर कायद्याने त्याच जमिनीपुरतं वर्षाला ७००० घनमीटरपर्यंत पाणी परवानगीच्या मोठ्या भानगडीशिवाय घेता येतं, पण नोंद करावीच लागते आणि जिथला भूजलसाठा उपसून संपलाय तिथे ही सवलत नाही. आमच्या खडकात बोअर म्हणजे जुगार. मी तरी विहिरीच्या भरवशावर जमीन घेणार नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. इथे सातबारा नाही. दोन वेगळी दप्तरं आहेत: कातास्त्रो करासाठी नकाशा ठेवतं, रेहिस्त्रो मालकी ठेवतं, आणि दोघांचं क्षेत्रफळ जुळलं तर तो योगायोग समजा. रेहिस्त्रोतून 'नोता सिंप्ले' नावाचा उतारा दहा-बारा युरोंत मिळतो, तो आधी काढा. त्यात घर लिहिलेलं आहे का ते बघा. पुष्कळदा फक्त "कोरडवाहू जमीन" असते आणि घर कागदावर जन्मलेलंच नसतं. घर १९७५ च्या आधीचं आहे हे जुन्या हवाई छायाचित्रांवरून दाखवता आलं तर वाट सोपी आहे. नंतरचं आणि परवानगीशिवायचं असेल तर 'आफो' नावाचा दाखला लागतो; तो घराला पूर्ण कायदेशीर करत नाही, फक्त आहे तसं राहू देतो. दोन्ही बाबतींत घर वाढवायचं स्वप्न सोडा. रानातल्या जमिनीवर आहे त्या भिंतींच्या आत राहायचं.

घराकडे येणारी वाट कुणाच्या जमिनीतून येते, वहिवाट लिखित आहे का, हेही बघा. इसार इथेही असतो, त्याला आर्रास म्हणतात, बहुधा दहा टक्के. तुम्ही मागे हटलात तर बुडाला, विकणारा हटला तर त्याने दुप्पट परत द्यायचा. आन्दालुसियात जुन्या घर-जमिनीच्या खरेदीवर कर ७ टक्के. आणखी एक गोष्ट एजंट सहसा सांगत नाही: रानातली जमीन एक हेक्टरपेक्षा मोठी नसेल, तर लगतच्या शेतमालकाला तुमची खरेदी नोंदल्यापासून नऊ दिवसांत तीच जमीन त्याच किमतीत स्वतःकडे घेण्याचा हक्क आहे. मध्ये पाट, ओढा किंवा रस्ता असेल तर हा हक्क लागत नाही. तुमची ०.८ हेक्टर आहे. शेजाऱ्याला आधीच भेटा, वाइनची बाटली घेऊन जा, त्याला जमीन नको आहे हे त्याच्याच तोंडून ऐका. आपल्याकडच्यासारखा शेतकरी असल्याचा दाखला मात्र कुणी मागत नाही. काही सीमेच्या आणि किनाऱ्याच्या पट्ट्यांत युरोपीय संघाबाहेरच्या लोकांना लष्करी परवानगी लागते. नोटरीला तेवढं विचारून घ्या. आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: घर घेतलं म्हणून राहायचा परवाना मिळत नाही, ती सोय ३ एप्रिल २०२५ ला बंद झाली.

आता घर. मी लातूर जिल्ह्यातला, औसा तालुक्यातला. पहिल्यांदा आल्पुहाराचं घर आतून पाहिलं तेव्हा मान वर करून बघतच राहिलो, कारण वर आमचं माळवद होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, चेस्टनटच्या तुळया, त्यांवर वेत किंवा दगडी पातळ लाद्या, आणि त्यावर करड्या-निळसर मातीचा थर. या मातीला लाउना म्हणतात. ती इथल्याच खडकाची कुजून झालेली असते, ओली झाली की फुगून पाणी अडवते. आम्ही वैशाखात माळवदावर नवी पांढरी माती टाकायचो, हे लोक शरदातल्या पावसाआधी टाकतात. उतरत्या चंद्रातच टाकावी, नाहीतर गळते, असं म्हातारे सांगतात. मी चढत्या चंद्रातही टाकली आहे. गळली, पण मला वाटतं ते मी नीट चोपली नव्हती म्हणून.

पण माळवदाच्या पोराला त्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले होते, तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या वाड्याची मागची भिंत पडली; आम्ही अंगणात झोपलो होतो म्हणून मी आज हे लिहितोय. आमच्या भागात माणसं मेली ती भूकंपापेक्षा डोक्यावरच्या मातीने आणि दुपदरी दगडी भिंतींनी. दर वर्षी नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं पिढ्यान् पिढ्या चाललं की छपराचं वजन वाढत जातं. भिंतीला बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मध्ये नुसता भरावा. हादरा बसला की पदर सुटतात. ग्रानादा हा स्पेनमधला भूकंपाचा प्रांत आहे. २५ डिसेंबर १८८४ च्या रात्री याच प्रांतातलं आरेनास देल रे जवळपास सगळं जमीनदोस्त झालं. म्हणून माझा पहिला सल्ला फरशीचा नाही, ओट्याचा तर नाहीच. छपरावर किती माती आहे ते मोजा. वीस सेंटिमीटर ओली लाउना म्हणजे चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर. मी एका घरावर अर्ध्या मीटरचा थर काढला आहे, तुळया धनुष्यासारख्या वाकल्या होत्या आणि मालक तिथे बसून कॉफी पीत होता.

किल्लारीनंतर जी दुरुस्तीची पद्धत आमच्याकडे शिकवली तीच मी इथे वापरतो. भिंतीला कुठे पोट सुटलंय ते दोरी लावून बघायचं. दोन्ही पदरांना बांधणारे, आरपार जाणारे दगड मीटर-मीटरवर बसवायचे. दगड नसेल तर भोक पाडून सळई आणि काँक्रीटचा खुंट. वर, भिंतींच्या माथ्यावर, चारी बाजूंनी सलग पट्टा. इथले आर्किटेक्ट तो मागतातच. तो पट्टा खालच्या भिंतीला सळयांनी नीट धरलेला हवा, नुसता वर ठेवलेला नको. आणि कुणी "सगळं काढून काँक्रीटचा स्लॅबच टाकू" म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. मातीच्या भिंतीवर स्लॅब म्हणजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर पोतं. छप्पर मी असं करतो: तुळया, वेताची चटई किंवा फळ्या, बुचाच्या सालीचे थर उष्णतेसाठी, त्यावर रबरी पडदा, आणि सगळ्यात वर आठ-दहा सेंटिमीटर लाउना. पाणी पडदा अडवतो. लाउना पडद्याला उन्हापासून वाचवते आणि घर गावातलं दिसतं.

त्याआधी, अगदी पहिल्या आठवड्यात, घराच्या मागे जा. ही घरं उताराला पाठ टेकून बसलेली असतात, आणि डोंगरातून झिरपणारं पाणी मागच्या भिंतीत शिरतं. भिंतीपासून हात-दीड हात सोडून, पायाच्या तळाच्या खाली न जाता, लांब चर खणा. तळाशी भोकांचा पाइप, वर खडी, आणि पाणी घराच्या बाजूने खालच्या बांधात काढून द्या. दोन माणसांचं चार दिवसांचं काम. एवढ्याने निम्मी ओल जाते. मी माझ्या घरी हे न करता मागच्या भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा केला होता. सिव्हिलचा डिप्लोमा होता ना! पहिल्या हिवाळ्यात भिंत कोरडी ठणठणीत दिसली. दुसऱ्या हिवाळ्यात गिलाव्यावर मिठाची पांढरी दाढी उगवली आणि मार्चमध्ये पंख्याएवढे पोपडे खाली आले. सिमेंटने पाणी थांबलं नव्हतं, भिंतीतच कोंडलं होतं. माती-दगडाच्या भिंतीला चुनाच हवा, आत आणि बाहेर. चुना ओल घेतो आणि सोडतो. दर वसंतात चुन्याची सफेदी फासायची, त्याने घर पांढरं राहतं आणि भेगाही भरतात.

खर्च. तुळया बदलायच्या, भिंती बांधायच्या म्हणजे मोठं काम. आर्किटेक्टचा आराखडा आणि नगरपालिकेची परवानगी लागते, सहा महिने-वर्ष धरा. माझ्या हातून गेलेल्या कामांत पडक्या घराच्या दुरुस्तीला कधीच खरेदीपेक्षा कमी पैसे लागलेले नाहीत. चौरस मीटरला हजार युरोच्या खाली कुणी आकडा सांगितला, तर त्यात छप्पर आणि सांडपाण्याची टाकी धरली आहे का, एवढं विचारा. हातात असलेल्या पैशांतले निम्मे छप्पर आणि भिंतींसाठी बाजूला काढा. उरले तर खिडक्या. विजेची लाइन लांबून आणण्यापेक्षा सौर पॅनेल स्वस्त पडतं. स्वयंपाकाला नारिंगी गॅसचं नळकांडं, थंडीला लाकडाची बंद शेगडी. डिसेंबरात सलग तीन ढगाळ दिवस आले की लॅपटॉप घेऊन ओर्हिवाला कॅफेत बसायचं, बॅटरीवर आणखी पैसे घालायचे नाहीत.

दुरुस्ती चालू असताना जमीन पडीक ठेवू नका, पण पहिल्या वर्षी नवी झाडंही लावू नका. फक्त भाजी, आणि डोळे उघडे. आपल्याकडून आलेल्या माणसाची पहिली चूक हंगामाची असते. इथे पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळा कोरडा. म्हणजे खरीप नाहीच असं समजा. पावसावर येतं ते सगळं रब्बी. नोव्हेंबरच्या आत लसूण टोचा. त्याच सुमारास आबास, आपल्या पावट्याचा अंगठ्याएवढा थोरला भाऊ. तो एप्रिलमध्ये टोपल्या भरून येतो आणि त्याची उसळ आपल्या मसाल्यात झकास होते. कांदा, पालक, कोबी, मटार हिवाळ्यात फार पाणी न घालता निघतात. बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये. टोमॅटो, मिरची, वांगं, काकडी, भोपळा ही सगळी पाळीच्या पाण्यावरची पिकं, आणि त्यांना मे उजाडल्याशिवाय उघड्यावर आणू नका. स्पॅनिशमध्ये म्हण आहे, मेच्या चाळीस तारखेपर्यंत अंगरखा काढू नये. चाळीस मे म्हणजे नऊ जून. मी पहिल्या वर्षी मार्चअखेर साठ रोपं लावली, शेजारचे आजोबा बांधावरून बघून काही न बोलता निघून गेले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत सगळी काळी.

टोमॅटोवर टुटा ही नागअळी येईल. ती दक्षिण अमेरिकेतून २००६ मध्ये आधी स्पेनलाच आली, आणि २०१४ मध्ये आपल्या पुण्याकडे सापडली, तेव्हा गावाकडे फोनवर तिच्याबद्दल सांगण्याइतका अनुभव माझ्या शेजाऱ्यांकडे होता. नागमोडी रेषा दिसलेली पानं रोज तोडून उघड्या बादलीत नव्हे, बंद पिशवीत घालून उन्हात ठेवा. रानडुक्कर मात्र सगळ्यांत वाईट. ते बटाटा खातंच, पण गांडुळांसाठी पायऱ्यांच्या ताली उकरतं, आणि ताल पडली की माती गेली. दोन तारांचं सौर झटक्याचं कुंपण, एक तार गुडघ्याखाली. पडलेल्या ताली लगेच पुन्हा रचा, सिमेंट न घालता, पाणी दगडांतून निघून गेलं पाहिजे.

तुमच्या दोघांच्या पोटाचं म्हणाल तर २०० चौरस मीटरचा मळा भाजी पुरवून उरेल. धान्य विकतच घ्या. खरी कमाई त्या चाळीस झाडांची आहे. आंब्यासारखंच ऑलिव्हलाही एक साल भराचं, एक साल ओसाड. चांगल्या साली झाडामागे वीस किलो धरा, आठशे किलो. त्यातून दीडशे लिटरच्या आसपास तेल. नोव्हेंबरपासून काढणी, खाली जाळी पसरून काठीने. फळ पोत्यांत ठेवून आठवडाभर वाट बघू नका, गरम होऊन तेल बिघडतं. दुसऱ्या दिवशी घाण्यावर. जायच्या आधी घाण्याला विचारा, कमीत कमी किती किलो आणलं तर तुमच्याच फळाचं तेल वेगळं काढून देतात. त्याखाली असेल तर शेजाऱ्याबरोबर एकत्र न्या.

ऑलिव्हची माशी आपल्या फळमाशीच्याच कुळातली. तिच्यासाठी इथे एक साधा सापळा करतात, ऐकून हसाल: दीड लिटरची पाण्याची बाटली, वरच्या भागात पाच मिलिमीटरची चार-पाच भोकं, आत लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम डीएपी खत विरघळवून बाटली पाऊण भरायची, जुलैपासून झाडाच्या दक्षिणेला टांगायची. तेच आपलं डीएपी. अमोनियाच्या वासाला माशी येते आणि बुडते. छाटणी मात्र पहिल्या वर्षी स्वतः करू नका, गावातल्या जाणत्याला बोलवा आणि फांद्या गोळा करत त्याच्यामागे फिरा. फांद्या १ जून ते १५ ऑक्टोबर या वणव्याच्या काळात जाळायच्या नाहीत, आणि एरवीही आधी कळवून, परवानगी घेऊनच.

बदाम जुने असतील तर प्रत्येक झाडाचा एक चाखून बघा, कडू असलेल्याला खडूने खूण करा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलून गोठलेल्या दवाने मरणारी जात असेल तर पुढे कधीतरी उशिरा फुलणारी पेंता किंवा ग्वारा लावता येईल. अंजिरांना हात लावू नका. ती तुमच्यापेक्षा जास्त जाणतात.

राहिल्या वहिनी. कोथिंबीर ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पिकवा, मेमध्ये ती फुलावर जाईल, मग बी धरा. मेथीचं तेच. भेंडी, गवार जून ते सप्टेंबर, हौदाच्या भिंतीच्या उन्हाच्या बाजूला. हापूस तुमच्या उंचीला नाही, पण तासाभरावर खाली मोत्रिल-आल्मुन्येकारच्या किनाऱ्याला आंबा पिकतो, आणि चिरिमोयाही, आपल्या सीताफळाची बहीण, बिया कमी आणि गर जास्त. त्याच किनाऱ्यावर २००६ पर्यंत ऊस होता, साखर कारखानाही होता.

कढीपत्ता कुंडीत. जमिनीत लावलेला माझा तीनदा गेला, दोनदा गोठलेल्या दवाने आणि एकदा शेजारच्या शेळीने. चौथा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत न्हाणीघराच्या खिडकीत असतो, तिथे वाफ मिळते. पानं गळतील, घाबरून पाणी वाढवू नका. एप्रिलमध्ये फुटतो. तुमचं छप्पर होईपर्यंत एक रोप माझ्याकडे राखून ठेवतो, पण सचिवाकडच्या नोंदवहीत तुमच्या गटापुढे किती तास आहेत ते मला आधी कळवा.